जखमी विद्यार्थ्याची शुश्रूषा : निवासी शाळेचे कर्तव्य

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूचा प्रसंग आलेला आहे. अतिसाराने ग्रासलेला तो भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे पाहावयास कोणी नव्हते. आनंदांसह निवासस्थाने पाहत फिरत असताना तथागत तेथे आले. त्यांनी आनंदांस पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी घातले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्यास मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खुसंघास एकत्र बोलावून त्यांनी जे विचारले त्याचा आशय असा, की येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या मानवतेचे वर्णन करताना हा प्रसंग आवर्जून घेतला आहे.

हा प्रसंग प्रायः करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. तथागत नुसता उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी नियम घालून दिला. आजारी भिक्खूस उपाध्याय असेल तर उपाध्यायाने, आचार्य असेल तर आचार्याने, शिष्य वा सहाध्यायी असतील तर त्यांनी शुश्रूषा करावी. यांपैकी कोणी नसेल तर ते संघाचे कर्तव्य समजावे. आणि ही जबाबदारी कोठवर? तो बरा होऊन उठेपर्यंत. म्हणजे शुश्रूषा कोणाच्या दयेवर किंवा सवडीवर सोडलेली नाही. ती माणसागणिक नेमून दिलेली आहे आणि तिची मुदतही ठरलेली आहे.

निवासी शाळा ही नेमकी अशीच जागा होय. येथे आईवडील नसतात. आमच्या मुलांपैकी कित्येकांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या तालुक्यांतून सांगली-कोल्हापूरकडे वा कर्नाटकातील कारखान्यांकडे गेलेले हे कोयते एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मूल पडले, हात मोडला, असा निरोप फडावर पोहोचला तरी आईला लगेच निघता येत नाही. कारण कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक माणूस कमी झाले की काम थांबते, खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. त्या आईला माया नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा फडावर जाऊन यावे.

अशा वेळी जे सर्रास घडते ते असे. रुग्णालयात प्लास्टर होते किंवा शस्त्रक्रिया करून सळई बसविली जाते. मुलाला घेऊन जाण्यास आजी किंवा काका येतात. ‘बरे झाले की आणून सोडू’ असे सांगून ते मुलास गावी नेतात. प्लास्टर निघते, पण गुडघा वाकत नाही, चाल लंगडी होते, अभ्यास मागे पडलेला असतो आणि मुलास परत यावयाची लाज वाटू लागते. मुलगी असेल तर गोष्ट अधिकच अवघड. आठवीतील एका मुलीच्या मांडीचे हाड मोडले होते. सहा महिन्यांनी तिची चौकशी करावयास आम्ही तिच्या वाडीवर गेलो, तेव्हा घरात तिच्या शिक्षणाचे बोलणे संपून लग्नाचे सुरू झाले होते. पाय अधू राहिला तर स्थळ येणार नाही, म्हणून घाई. ती मुलगी परत आली, दहावी झाली. परंतु तिला परत आणण्यास चार खेपा आणि गावातील दोन वडीलधाऱ्यांची मध्यस्थी लागली. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याचे शिक्षण सुटण्याची जी कारणे आम्ही पाहिली, त्यांत मोडलेल्या हाडाचा क्रमांक पुष्कळ वर आहे. त्याची नोंद मात्र ‘सतत गैरहजर’ अशी होते.

इतिहास शिकविणाऱ्यास येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. आपत्तीच्या इतिहासात मृतांचा आकडा टिकतो, जखमींचा पुसला जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली, बावन्न गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी ती घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. अनाथ झालेल्या मुलांसाठी पुढे मोठे काम झाले. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या प्रयत्नांतून ‘आपलं घर’ उभे राहिले. निवासी शिक्षण हेच पुनर्वसन, हा विचार मराठवाड्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिला. परंतु ज्यांचे आईवडील वाचले आणि ज्यांचे स्वतःचे हातपाय मोडले, अशा मुलांचे पुढे काय झाले, त्यांतील किती जणांनी पुन्हा पाटी हातात धरली, याविषयी किल्लारीवरील लेखनात फारसे वाचावयास मिळत नाही. भूकंप रोज होत नाही. पण चिंचेच्या झाडावरून पडणे, कबड्डीत गुडघा पिरगळणे, दुचाकीवरून तिघे-चौघे जाताना रस्त्यावर आपटणे, हे आमच्या भागात दर महिन्यास घडते.

भौतिकोपचार, म्हणजे आपण बोलताना ज्याला फिजिओथेरपी म्हणतो, ते शास्त्र आपल्या देशात मुलांच्याच निमित्ताने रुजले, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईतील पोलिओच्या साथीनंतर 1953 साली केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू झाले. आज महाराष्ट्रात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि राज्यात या व्यावसायिकांची नोंदणी करणारी परिषद आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, ही आपल्या मुलांना परवडणारी मोठी ठिकाणे. परंतु किनवट-माहूरच्या बाजूने नांदेडला यावयाचे, तपासून घ्यावयाचे आणि परतावयाचे म्हणजे एक दिवस मोडतो. म्हणून तज्ज्ञाची भेट आठवड्यातून एकदा, पुष्कळदा पंधरवड्यातून एकदाच होते. त्या भेटीत तो अर्धा तास देतो. उरलेले सगळे तास मूल शाळेत असते. हाड डॉक्टर जोडतात, व्यायाम फिजिओथेरपिस्ट ठरवून देतात. पण तो व्यायाम झाला की नाही, मूल जिना कसे उतरले, शौचास कसे बसले, हे सारे शाळेच्या आवारात घडते. बरे होणे प्रत्यक्षात तेथे घडते किंवा बिघडते.

यासाठी आम्ही एक साधी वही ठेवली आहे. जखमी विद्यार्थ्यामागे एक पान. तज्ज्ञाकडे जाताना शिक्षक किंवा अधीक्षक ती सोबत नेतात आणि चार गोष्टी मराठीत लिहून आणतात : पायावर किती भार द्यावयाचा, काय मुळीच करावयाचे नाही, कोणता व्यायाम किती वेळा, आणि पुढची तारीख. ‘भार’ या शब्दावर विशेष लक्ष द्यावे लागते. पाय अजिबात टेकवावयाचा नाही, नुसता टेकवावयाचा, अर्धा भार द्यावयाचा की पूर्ण, हे चार वेगळे टप्पे आहेत. ‘थोडे थोडे चालू द्या’ एवढ्यावर समाधान मानून परत येऊ नये. व्यायाम करून दाखविताना भ्रमणध्वनीवर चित्रफीत घेण्याची परवानगी मागावी. बहुतेक तज्ज्ञ आनंदाने देतात.

व्यायामाची वेळ घंटेला बांधली तरच तो होतो, हा आमचा अनुभव. सकाळच्या वंदनेनंतर, दुपारच्या जेवणानंतर आणि सायंकाळच्या अभ्यासिकेपूर्वी दहा-दहा मिनिटे. उदाहरणार्थ, मांडीच्या वा गुडघ्याच्या दुखापतीत बहुधा पहिला व्यायाम असा असतो : पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच आकडे मोजेपर्यंत धरावे, सोडावे, असे दहा वेळा. दिसावयास क्षुल्लक. पण पाय वापरात नसला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो, आणि तो वाळला की जोडलेल्या हाडाचाही उपयोग होत नाही. दिवसातून तीनदा, रोज, कंटाळा न करता हे करून घेणे कोणत्याही रुग्णालयास शक्य नाही. शाळेला आहे.

कुबड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गैरसमज येथेच अधिक आहेत. कुबडीचे वरचे टोक काखेत रुतवून त्यावर लोंबकळावयाचे नसते. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर हवे आणि अंगाचा भार तळहातांवर यावयास हवा. काखेतील नसेवर दाब पडत राहिला तर हाताला मुंग्या येतात, मनगट लुळे पडू शकते. कोणाच्या तरी काकांची जुनी कुबडी मुलाच्या उंचीस लागू पडत नाही. ती कापून किंवा खिळा सरकवून बेताची करून घ्यावी आणि खालचे रबरी बूच झिजले असेल तर आधी बदलावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय व कुबड्या आधी. हा नियम आम्ही जिन्याच्या भिंतीवर रंगवून घेतला आहे आणि आता पाचवीची पोरेही तो कोणाला कुबड्या आल्या की पाठ म्हणून दाखवितात. पावसाळ्यात भोजनगृहाच्या दाराशी चिखल साचतो तेथे फरशी खरखरीत करून घेतली. जखमी मुलाची खाट तळमजल्यावर, दारापासून दुसरी. पहिली नको, तेथे धक्के लागतात.

शौचालयाचा प्रश्न कोणी लिहीत नाही, म्हणून आम्ही लिहितो. उकिडवे बसता येत नसेल तर मूल दोन दिवस शौचास जात नाही, पाणी कमी पिते, कोणाला सांगत नाही. मधोमध भोक पाडलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला एक लोखंडी दांडा, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. पहिल्या काही दिवसांत अंथरुणावर भांडे द्यावे लागले तर ते उचलावयाचे कोणी? हे काम सफाई करणाऱ्या बाईंवर ढकलावयाचे नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. अधीक्षक आणि शिक्षक यांची पाळी लागते; मुलींकडे अधीक्षिका आणि शिक्षिका. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत हे विनयात सांगितले आहे, त्यांत मलमूत्राची किळस नसणे हा एक गुण आहे. ज्या समाजास पिढ्यानुपिढ्या दुसऱ्यांची घाण उचलावयास लावले गेले, त्याच्या शाळेत हे काम एकाच माणसाच्या वाट्यास यावे हे आम्हांस मान्य नाही.

वंदनेच्या वेळी अशा मुलास खुर्ची द्यावी. काही मुले संकोचतात. भगवंतांच्या मूर्तीसमोर आपण वर कसे बसावे, असे त्यांना वाटते. आपल्या धम्मात असा काही निषेध नाही, जोडलेले हात पुरेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकावे.

आता कोपराविषयी. पसरलेल्या हातावर पडल्याने कोपराच्या वरचे हाड मोडणे ही लहान मुलांची नेहमीची दुखापत. यात दोन धोके आहेत आणि दोन्ही आपल्याच माणसांकडून येतात. पहिला म्हणजे हाडवैद्याने बांबूच्या कामट्या घट्ट आवळून बांधणे. रक्त अडले तर काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे कायमची आखडतात. बोटे सुजली, गार किंवा निळी पडली, बधिर झाली, बोटे हळूच सरळ करताना मूल किंचाळले, तर रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठावे; सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयातील प्लास्टरलाही हेच लागू. दुसरा धोका प्लास्टर निघाल्यावरचा. कोपर ताठलेले असते, म्हणून गावाकडून तेल येते आणि कोणी जाणता माणूस चोळून, ओढून ते ‘मोकळे’ करू पाहतो. कोपराच्या बाबतीत ही जबरदस्ती घातक ठरते; दुखावलेल्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा अधिकच जखडतो. कोपर मुलाच्या स्वतःच्या हालचालीनेच सुटावयास हवे. त्याला फळा पुसू द्यावा, वाढप करू द्यावे, स्वतःचे केस विंचरू द्यावेत, घास त्याच हाताने घेऊ द्यावा. महिनोन्‌महिने लागतात, धीर धरावा. हाडवैद्यांचा अनादर करावा असे आम्ही म्हणत नाही. गावात दुसरे कोणी नव्हते तेव्हा तेच होते. परंतु मुलाचे कोपर त्यांच्या हाती देऊ नये.

डोक्यास मार लागला असेल तर बाहेरून काही दिसत नाही, म्हणून येथे फसगत होते. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेची विचित्र गुंगी, बोलण्यात घोटाळा, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय. तसे काही नसले आणि डॉक्टरांनी परत पाठविले, तरी पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडे वाचन, मग वर्ग, आणि मैदान सर्वांत शेवटी.

मदतीला प्रत्येक आठवड्यास दोन सोबती नेमतो व ते बदलत ठेवतो. मुलांचा उत्साह एवढा, की ती जखमी मित्राला उचलूनच नेऊ लागतात, ताटही हातात देतात. त्यांना सांगावे लागते, की दप्तर उचला, पाय त्याचा त्याला उचलू द्या. दुखण्याविषयीही मुलांत दोन तऱ्हा असतात. खेळावयास सोडावे म्हणून दुखणे लपविणारा एक, व्यायाम टळावा म्हणून ते वाढवून सांगणारा दुसरा. जसे आहे तसे दुखणे सांगणारा रुग्ण शुश्रूषेस सोपा, असेही विनयात आहे. आम्ही वहीत एवढेच विचारतो : व्यायामानंतरचे दुखणे तासाभरात निवळले का? सकाळपर्यंत राहिले का? सूज वाढली का? राहिले किंवा वाढली तर व्यायाम थांबवून तज्ज्ञास दूरध्वनी. मैदानावर त्याला गुणलेखक किंवा वेळाधिकारी करावे. खेळात परतण्याची तारीख त्याच्या मनावर किंवा आंतरशालेय सामन्यांच्या तारखेवर ठरू नये, एवढी काळजी क्रीडाशिक्षकांनी घ्यावी; कबड्डीत गुडघा दुसऱ्यांदा गेला तर तो पहिल्यासारखा होणे कठीण.

अभ्यासाची बाजू तुलनेने सोपी आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असेल तर चाचणी तोंडी घ्यावी. दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर असे झाले, तर वैद्यकीय प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे लेखनिकासाठी अर्ज करता येतो. लातूर, नांदेड व धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांचे विभागीय मंडळ लातूरलाच आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतील असावा लागतो; त्याच्याबरोबर दोन-तीन प्रश्नपत्रिकांचा सराव आधी करून घ्यावा, नाहीतर सांगणारा पुढे आणि लिहिणारा मागे अशी गत होते.

खर्चाविषयी : पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजनाही आहे. ती जुन्या नावाने 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नांदेड होते. परंतु दोन्हींना कागद लागतो. रुग्णालयातून सुटी मिळाल्याचे कार्ड, क्ष-किरण चित्रे, पावत्या, हे नातेवाइकांच्या पिशवीत जाऊन हरवण्यापूर्वी त्यांच्या प्रती कार्यालयात ठेवाव्यात. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा चांगला आहे. पण त्याचे बहुतेक लाभ चाळीस टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळतात. तीन महिने कुबड्यांवर असलेले मूल त्या यादीत बसत नाही. ते बरे होणार आहे, म्हणून त्याची कोठे गणना नाही. आणि गणना नाही म्हणून कधीकधी ते बरेच होत नाही. तज्ज्ञाकडे जाण्यायेण्याचे भाडे कोणत्याही योजनेची वाट न पाहता संस्थेने वेगळे काढून ठेवावे. रक्कम मोठी नसते, पण तिच्यावाचून तिसरी-चौथी भेट चुकते.

उन्हाळी सुटीपर्यंत ज्याचा व्यायाम संपलेला नसेल, त्याच्या वहीतील पानाची नक्कल करून सोबत द्यावी. आईवडील तोवर कारखान्यावरून परतलेले असतात. ते न्यावयास येतील तेव्हा त्यांना बसवून, मुलाकडूनच एकेक व्यायाम करून दाखवावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आईलाही तो कळतो. निघण्यापूर्वी दोन्ही मांड्यांचा घेर, गुडघ्याच्या वाटीपासून तेवढ्याच अंतरावर, शिंप्याच्या टेपने मोजून पानावर लिहावा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी पुन्हा मोजावा.